टपाली वैद्यकी, खानदेशातील

रुग्णाची भेट न घेता, त्याने पत्रातून कळविलेल्या लक्षणांवरून औषध, अनुपान (ज्याबरोबर औषध घ्यायचे ते) आणि पथ्य पत्रानेच सुचविण्याचा वैद्यांचा व्यवहार. त्याला एकच असे रूढ नाव नाही; ‘पत्राने औषध’ किंवा ‘व्हीपीने औषध’ असे लोक म्हणत (व्हीपी म्हणजे किंमत वसूल करून पार्सल देण्याची टपालाची सोय). खानदेश म्हणजे येथे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे. एकोणिसाव्या शतकाची अखेरची दोन दशके ते स्थूलमानाने १९५० हा या व्यवहाराच्या भराचा काळ धरावा लागतो.

उगमाविषयी दोन मते संभवतात. पेशवाईतील पत्रांत दुखण्याची हकिकत, वैद्यास पाठवून देण्याची विनंती, औषध पोहोचल्याची पावती असे उल्लेख येतात. तेव्हा जासुदाच्या हाती चालणाऱ्या या पत्रांतच टपाली वैद्यकीचे मूळ आहे, असे एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे ती स्वस्त टपालाची आणि छापील जाहिरातीची निर्मिती होय. पहिल्या प्रकारात वैद्य घरोब्यातला असे, रुग्णाची प्रकृती त्याला आधीच ठाऊक असे आणि पत्र हे भेटीची पुरवणी असे. टपाली वैद्यकीत वैद्य आणि रोगी एकमेकांना अनोळखी. हा भेद मूलभूत असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र पत्राचा मायना, ‘विनंति विशेष’ने सुरुवात आणि ‘कळावे, लोभ असावा’ हा शेवट जुन्या वळणातूनच आला, यात शंका नाही.

टपालाचे दर येथे निर्णायक ठरले. १८५४ च्या टपाल सुधारणेत पाव तोळा वजनापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा पडे. पाव तोळा म्हणजे तीन ग्रॅमलाही थोडे कमी. पातळ कागदाचे एखादे पान, त्यात चूर्णाची पुडी घालायला जागा नाही. (तोळा हे सरकारी रुपयाचेच वजन असल्याने टपाल कचेरी आणि वैद्याचा ताजवा एकाच नाण्यावर चालत, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.) १८७७ मध्ये व्हीपीची सोय झाली, १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड आले आणि १८८० मध्ये टपालाची मनीऑर्डर. तिन्ही सोयी तीन-चार वर्षांत हाती आल्या. मुंबईहून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा लोहमार्ग १८६०–७० या दशकातच पडला होता. धुळे मात्र चाळीसगावच्या फाट्याने १९०० मध्ये जोडले गेले. वैद्य कोठलाही असो, नाशिक-पुण्याचा वा मुंबईचा, पूर्व खानदेशाची गाठ त्याच्याशी आधी पडण्याचे हे एक कारण असावे.

शास्त्राच्या बाजूने खरा वाद परीक्षेचा. ‘दर्शन, स्पर्शन, प्रश्न’ अशी त्रिविध परीक्षा ‘अष्टाङ्गहृदय’ या आयुर्वेदग्रंथाच्या कर्त्या वाग्भटाने सांगितली आहे. टपालात यातला प्रश्न तेवढा उरतो. योगरत्नाकर या वैद्यकग्रंथातील नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् (डोळे) व आकृती या आठ स्थानांचा विचार केला, तर मल, मूत्र आणि जिव्हा यांचे वर्णन रोगी स्वतः लिहू शकतो. नाडी व स्पर्श पत्रात येऊच शकत नाहीत. मूत्रावर तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो ते पाहण्याची तैलबिंदुपरीक्षाही तत्त्वतः घरी करून कळविण्यासारखी आहे. नाडी न पाहता औषध देणे हा अधर्म, असा आक्षेप जुन्या वळणाचे वैद्य घेत. त्यावर उत्तर असे की, सविस्तर नाडीपरीक्षा चरक-सुश्रुतांच्या संहितांत नाही, ती शार्ङ्गधरसंहितेपासून (सु. तेरावे-चौदावे शतक) ठळकपणे दिसते. हे उत्तर इतिहास म्हणून बरोबर आहे, पण सोयीचेही आहे: चरक-सुश्रुतांना नाडी नको असली, तरी रोगी समोर हवाच होता.

त्यामुळे प्रश्नावलीला महत्त्व आले. वय, धंदा, भूक, झोप, शौचास साफ होते की नाही, जिभेवर पांढरा थर आहे का, दुखणे जेवणाआधी वाढते की नंतर, हे विचारायचे आणि उत्तरासाठी जोडकार्ड (उत्तराचे कोरे कार्ड जोडलेले कार्ड) मागायचे. पत्र बहुधा मास्तर किंवा तलाठी लिहून देई. रोगी अहिराणीत ‘थंडी वाजीसन ताव येस’ म्हणे, कार्डावर ‘शीतज्वर येतो’ असे उतरे. ताप रोज येतो की दिवसाआड, हे मधल्यामध्ये गळून जाई आणि विषमज्वराचे (येथे टायफॉइड नव्हे, तर आयुर्वेदातला पाळीने येणारा ताप) निदान तर नेमके त्यावरच. बायकांची दुखणी नवरा किंवा भाऊ कळवी. ‘कुटुंबाची प्रकृती नादुरुस्त असते’ एवढ्यावर पत्र संपे. ‘अंगावरून जाते’ हे शब्द उघड्या कार्डावर घालण्याचा संकोच असे, कारण कार्ड वाटेत कोणीही वाचू शके.

औषधात टपालाला सोसेल तेच जाई: चूर्णे, गुटिका, भस्माच्या पुड्या, डब्यातला अवलेह (चाटण). काढा पाठवणे अशक्य, आसवारिष्टांच्या बाटल्या फुटत. पार्सल मांजरपाटात शिवून टाक्यांवर लाखेची मोहर करीत. पुड्यांवर आकडे असत आणि अनुपान पत्रात: मध, तूप, आल्याचा रस, कोमट पाणी. ते रोग्याने घरचेच वापरायचे. पाव आण्यात सर्वांत जास्त जे पाठवता येई ते पथ्य होते. म्हणून टपाली वैद्यकीत औषध आखडते आणि पथ्य फुगते. ‘पथ्य असेल तर औषध कशाला, पथ्य नसेल तर औषध कशाला’ या आशयाचा लोलिंबराज या वैद्यकवीचा श्लोक वैद्यांना पाठच असे.

खानदेशात हे पथ्य जड जाई. तिखट, तेलकट, आंबट आणि उडीद वर्ज्य म्हटले की मिरचीचा ठेचा गेला, तेलाचा तवंग असलेली भाजी गेली, वांग्याचे भरीत गेले, ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरीही गेली. उरले मुगाचे वरण, जुना तांदूळ आणि ताक. तांदूळ रोजच्या ताटातला नसे. ज्वारी-बाजरीच्या घरात तो विकत आणावा लागे, म्हणजे पथ्य औषधाहून महाग पडे. केळ्याचा प्रश्न पुढे आला, विसाव्या शतकात रावेर-यावल भागात लागवड वाढल्यावर. केळे ताकाबरोबर विरुद्ध असे अष्टाङ्गहृदय सांगते, आणि चरकाने दुधाशी विरुद्ध म्हणून दिलेल्या फळांत ‘मोच’ येते. मोच म्हणजे केळे हा अर्थ घेतला तर शिकरणही बाद. मळ्यात घड लटकत असताना हे पाळणे कितपत होई, हे पत्रांवरून ठरवू नये. रोगी वैद्याला ‘पथ्य चालू आहे’ असेच लिहिणार.

सरकारी टपालही या क्षेत्रात होते. टपाल कचेरीतून क्विनीनच्या पैशाच्या पुड्या विकण्याची पद्धत १८९२ मध्ये बंगालमध्ये सुरू होऊन पुढे इतर प्रांतांत पसरली. सातपुड्याच्या पायथ्याचा हिवतापाचा पट्टा पाहता खानदेशात हिचे महत्त्व उघड आहे. येथे पथ्य नाही, प्रश्नावली नाही, फक्त पुडी. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणीकडील डोंगरात टपाल विरळ, आणि भिल्ल-पावरा वस्त्यांत जडीबुटी जाणणारा गावातच असे.

१९०७ मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात झाली आणि वैद्यांच्या शिक्षणाचा व मान्यतेचा प्रश्न संघटितपणे मांडला जाऊ लागला. मुंबई प्रांताच्या १९३८ च्या वैद्यकव्यवसायी कायद्याने वैद्यांच्या नोंदणीची तरतूद केली. जाहिरातीवर चालणाऱ्या टपाली औषधांना खरी वेसण मात्र औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने घातली: ठराविक रोगांवरील इलाजाची जाहिरात करणेच गुन्हा ठरले. पथ्य कळविणाऱ्या कार्डाला अर्थातच हा कायदा लागू नव्हता.