भ्रष्टाचारविरोधी उपोषण

शासनातील भ्रष्टाचाराविरुद्ध चौकशी, कायदा किंवा कारवाई पदरात पाडून घेण्यासाठी मागणी मान्य होईपर्यंत जाहीरपणे अन्नत्याग करण्याचा आंदोलनप्रकार. त्यात कोणावर हात उगारला जात नाही. पण उपोषणकर्त्याचा मृत्यू ओढवल्यास उसळणाऱ्या लोकक्षोभाचे भय शासनाला नमवते. म्हणूनच अहिंसक असूनही सक्ती करणारे हे साधन लोकशाहीत समर्थनीय ठरते का, हा वाद जुना आहे.

या वादातील सर्वांत ठाम आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. महाडचा आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह स्वतः उभारणाऱ्या आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले की, घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखे मार्ग म्हणजे अराजकाचे व्याकरण होय. १९३२ मध्ये दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात केलेल्या उपोषणाचा दबाव त्यांनी स्वतः सोसला होता. गांधीजींनीही १९३९ मध्ये राजकोट संस्थानातील राजकीय सुधारणांसाठी केलेल्या आपल्या उपोषणात सक्तीचा अंश होता असे मान्य करून त्यातून मिळालेल्या निवाड्याचा लाभ सोडून दिला. मात्र आंबेडकरांच्या विधानातील अट महत्त्वाची आहे. घटनात्मक मार्ग शिल्लक नसताना अशा साधनांना बराच आधार होता, असे त्याच भाषणात ते म्हणाले होते. आणि ज्यांची चौकशी व्हायची तेच चौकशीचा निर्णय घेणार असतील, तर मार्ग कागदावर खुला असूनही व्यवहारात बंद राहतो. लोकपाल, म्हणजे उच्चपदस्थांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणारी स्वतंत्र यंत्रणा, नेमण्याचे विधेयक प्रथम १९६८ मध्ये मांडले गेले आणि त्यानंतर चार दशके ते वारंवार बारगळले, हे याचे ठळक उदाहरण होय.

ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे यांनी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा अमलात यावा आणि चार मंत्र्यांवरील आरोपांची चौकशी व्हावी, या त्यांच्या मागण्या होत्या. चौकशीसाठी नेमलेल्या न्या. पी. बी. सावंत आयोगाने काही मंत्र्यांवर ठपका ठेवला, तसेच हजारे यांच्याशी संबंधित संस्थांच्या कारभारातही दोष दाखवले. येथे दबाव होता, पण निकाल उपोषणकर्त्याच्या हाती नव्हता. शासनाचे जे कर्तव्यच आहे ते करण्यास त्याला भाग पाडले गेले. अशा सक्तीचे समर्थन करता येते.

हजारे यांचेच २०११ चे दिल्लीतील लोकपाल आंदोलन या कसोटीवर पूर्णपणे उतरत नाही. एप्रिलमध्ये जंतरमंतरवरील उपोषणानंतर मसुदा तयार करण्यासाठी शासन आणि आंदोलक यांची संयुक्त समिती नेमली गेली, इथवर ते न्याय्य होते. परंतु ऑगस्टमध्ये आंदोलकांनी तयार केलेलेच जनलोकपाल विधेयक ठरावीक मुदतीत संमत करावे, असा आग्रह धरला गेला. कायद्यातील कलमांवर मतभेद असलेल्या कोट्यवधी नागरिकांचा आवाज यामुळे एका व्यक्तीच्या प्रकृतीपुढे गौण ठरत होता, ही दलित संघटनांसह अनेकांनी घेतलेली हरकत रास्त होती. संसदेने २७ ऑगस्ट रोजी तीन मुद्द्यांना तत्त्वतः मान्यता दिल्यावर उपोषण सुटले. लोकपाल कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संमत झाला, पण पहिल्या लोकपालांची नेमणूक मार्च २०१९ मध्ये झाली.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ नुसार लोकसेवकाला कर्तव्य करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेस पात्र आहे. कर्तव्यासाठीची सक्ती आणि कर्तव्यापासून रोखणारी सक्ती यांना हे कलम एकाच पारड्यात टाकते, आणि आमरण उपोषणाला ते लावले गेल्यास वरील भेदच पुसला जाईल.