कानात सतत आवाज येतो, त्यावर 'पुनर्प्रशिक्षण' कितपत चालतं?

रात्री घर निजलं की कानात रातकिडे किरकिरू लागतात. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला नुसतं घूंऽऽ. बाहेर मात्र काहीच वाजत नसतं. हा कर्णनाद, म्हणजे टिनिटस. 'आता सवय करून घ्या' एवढंच सांगून रुग्णाला घरी पाठवणं मला क्रूर वाटतं. सवय होते, पण ती कशी लावायची हे कुणीतरी शिकवायला हवं.

मेंदूविज्ञानाचे संशोधक पाव्हेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलं, की त्रास आवाजाच्या मोठेपणामुळे होत नाही. मेंदू त्या आवाजाला धोका समजतो, म्हणून भीती, चिडचिड आणि जागरणं मागे लागतात. पंख्याची घरघर मेंदू सोडून देतो, तसं याही आवाजाचं व्हावं, म्हणून लंडनचे कानाचे डॉक्टर जोनाथन हेझल यांच्यासोबत त्यांनी पुनर्प्रशिक्षण उपचार घडवला. त्यात दोन गोष्टी असतात: सविस्तर समुपदेशन आणि कानाशी मंद खळखळ करणारं यंत्र. यंत्राने कर्णनाद बुडवायचा नसतो. तो ऐकू येत राहिला तरच मेंदूला त्याची सवय होते. याला वर्ष-दीड वर्ष लागतं.

उपयोग होतो का? २०१९ मध्ये अमेरिकी लष्करी रुग्णालयांतल्या १५१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. एका गटाला समुपदेशन आणि खरं यंत्र, दुसऱ्याला तेच समुपदेशन पण थोडा वेळ वाजून गप्प होणारं यंत्र, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. त्यातही रुग्णाशी नीट बोलणं होतंच. दीड वर्षाने तिन्ही गटांचा त्रास बऱ्यापैकी उतरला होता, आणि गटागटांत म्हणावा असा फरक नव्हता.

म्हणजे उपचार फोल ठरला असं नाही, पण यंत्राची मातब्बरी मात्र कमी झाली. उपचार न मिळालेला गट नसल्यामुळे सुधारणेत निव्वळ काळाचा वाटा किती, हेही त्यातून कळत नाही. नेदरलँड्समध्ये ४९२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विचार-वर्तन उपचाराला, म्हणजे त्रास वाढवणारे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराला, पुनर्प्रशिक्षणातल्या काही गोष्टींची जोड दिली होती. तिथे नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा स्पष्ट दिसला.

तेव्हा महागडं यंत्र घेण्याआधी समजावून सांगायला वेळ देणारा तज्ज्ञ शोधा, आणि श्रवणचाचणी करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेही पुष्कळांना आराम पडतो. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला टाळाटाळ करू नका. ऐकूच एकाएकी कमी झालं असेल तर त्याच दिवशी गाठा.