एक्स्पोजर नियंत्रण (डिजिटल एसएलआर कॅमेरा)

छायाचित्र टिपताना कॅमेऱ्याच्या सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा आणि त्यातून मिळणारा संकेत किती वाढवायचा, हे ठरवण्याच्या क्रियेला एक्स्पोजर नियंत्रण म्हणतात. ॲपर्चर (लेन्समधील प्रकाश आत सोडणारे छिद्र), शटर स्पीड (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) आणि आयएसओ (संकेत किती वाढवायचा याचा आकडा) ही त्याची तीन साधने आहेत. काटेकोरपणे पाहिल्यास प्रकाश पहिल्या दोहोंनीच कमी-जास्त होतो. आयएसओ वाढवल्याने आलेल्या प्रकाशाचा संकेत तेवढा वाढवला जातो आणि अंधाऱ्या भागातला नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, उघडा पडतो.

तिन्हींचे बदल ‘स्टॉप’ या एककात मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मे. त्यामुळे शटर १/१२५ वरून १/६० सेकंदावर आणणे, ॲपर्चर एफ/८ वरून एफ/५.६ करणे किंवा आयएसओ २०० वरून ४०० वर नेणे, यांपैकी काहीही केले तरी चित्र सारखेच उजळते. ॲपर्चरचे आकडे नवख्याला उलटे वाटतात, कारण लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून ते काढलेले असतात आणि म्हणूनच लहान आकडा मोठे छिद्र दाखवतो.

खरी अडचण मात्र आकड्यांची नसून कॅमेऱ्यातील मीटरची, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेची आहे. समोरचे दृश्य मुळात पांढरे आहे की काळे, हे मीटरला खात्रीने कळत नाही. ते ढोबळमानाने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून तो हिशोब करतो. परिणामी बर्फाचे मैदान मळकट दिसते आणि काळे मांजर राखाडी होते. यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशोबात हाताने केलेली वाढ-घट: बर्फासाठी साधारण +१ ते +२ स्टॉप, काळ्या विषयासाठी सुमारे −१ स्टॉप. पांढरे दृश्य आधीच उजळ असल्याने प्रकाश कमी करावा, असे अनेकांना सहज वाटते, आणि नेमके तेच चुकते.

सुरुवातीच्या श्रेणीतील कॅमेऱ्यांवर बहुधा एकच चकती असते. ॲपर्चर प्राधान्य पद्धतीत (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो) ती फिरवली की ॲपर्चर बदलते, ‘±’ बटण दाबून धरून फिरवली की कॉम्पेन्सेशन. मॅन्युअल पद्धतीत, म्हणजे दोन्ही आपणच ठरवताना, तीच चकती शटर सांभाळते आणि ‘±’ सह ॲपर्चर. दिलेले कॉम्पेन्सेशन अनेक मॉडेलांत कॅमेरा बंद केल्यावरही तसेच राहते, म्हणून आदल्या दिवशीचे +२ दुसऱ्या दिवशीची चित्रे पांढरीफटक करून ठेवते. शिवाय एसएलआरच्या प्रकाशीय व्ह्यूफाइंडरमधले दृश्य शटर किंवा आयएसओ बदलल्याने उजळत वा काळवंडत नाही. बदल कळतो तो खालच्या मापपट्टीवरूनच.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८–५५ मिमी लेन्सची आणखी एक खोड आहे. तिचे सर्वांत मोठे ॲपर्चर १८ मिमीला एफ/३.५, तर ५५ मिमीला एफ/५.६ असते. त्यामुळे मॅन्युअल पद्धतीत आयएसओ पक्के ठेवून, ॲपर्चर पूर्ण उघडून नीट जुळवलेले एक्स्पोजर केवळ झूम केल्याने सव्वा स्टॉपहून थोडे अधिक घसरते. झूम वारंवार करावयाचा असल्यास एफ/५.६ किंवा त्याहून लहान छिद्र आधीच निवडणे सोयीचे.

चित्र टिपल्यावर पडद्यावरील उजळपणावर विसंबू नये, कारण भर उन्हात तोच पडदा काळपट आणि रात्री झगझगीत भासतो. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत कोणती छटा किती आहे हे दाखवणारा आलेख, अधिक भरवशाचा असतो. तो उजव्या कडेला चिकटून साचला असेल, तर त्या भागातला तपशील बहुधा गेलेला असतो. रॉ फाइलमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) तो तपशील थोडा परत मिळू शकतो, पण ज्या ठिकाणी सेन्सरच प्रकाशाने पूर्ण भरला त्या ठिकाणी काहीच उरत नाही.