ध्रुवावरच्या ढगांचा टाइप 1, टाइप 2 चा घोळ

ध्रुवांवर स्थितांबरात, म्हणजे हवेच्या वरच्या थरात, बनणारे आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकणारे हे ढग नॉर्वेकडच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिले होते, पण दिसायला सुंदर यापलीकडे कोणी फार विचार केला नव्हता. 1978 ला सोडलेल्या उपग्रहाने ध्रुवांवर 15 ते 25 किमी उंचीवर ते भरपूर दाखवले, तरी खरी धावपळ 1985 नंतरच झाली, कारण अंटार्क्टिकावरची ओझोनची घट नुसत्या वायूंच्या गणितात बसेना. मग पुढच्याच वर्षी कल्पना आली की क्लोरीनची एरवी गप्प बसलेली संयुगं ढगांच्या कणांवर एकमेकांना भिडतात, क्लोरीन मोकळा होतो आणि हिवाळा संपून ऊन परत आलं की ओझोन खातो. 1987 ला चिलीच्या पुंता अरेनासहून विमानं थेट त्या थरात गेली आणि जिथे क्लोरीन मोनॉक्साइड (क्लोरीन ओझोन खातो तेव्हा बनणारा वायू) जास्त तिथेच ओझोन कमी, हे मोजून आली.

घोळ झाला तो नावांचा. उणे 78 अंशांच्या आसपास बनणारे टाइप 1, उणे 85 च्या खाली बनणारे बर्फाचे टाइप 2, आणि टाइप 1 म्हणजे नायट्रिक ॲसिडचे घन स्फटिक असं सगळे धरून चालले. पण लेसरच्या मोजणीत टाइप 1 मधले काही कण चक्क गोल निघाले, गोल म्हणजे द्रव, मग घन ते 1अ आणि द्रव ते 1ब असं करावं लागलं. हा शब्दांचा वाद वाटतो पण तसा नाहीये, कारण सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब तिथे कायम असतात, थंडीत नायट्रिक ॲसिड पिऊन फुगतात आणि क्लोरीन मोकळा करायचं बरंचसं काम तेच उरकतात. घन कणांचं काम वेगळं, ते मोठे होऊन खाली पडतात, सोबत नायट्रोजन नेतात, मग क्लोरीनला परत बांधून ठेवायला वर काही उरत नाही आणि घट लांबते. माझ्या मते हे टाइपचे आकडे टाकून द्यावेत, कण कशाचा आहे तेच सरळ म्हणावं.

आता प्रश्न हवामानाचा. कार्बन डायऑक्साइड खाली उष्णता वाढवतो पण स्थितांबर थंड करतो, म्हणजे ढगांना सोयच. आर्क्टिकमध्ये एरवी एवढी थंडी टिकत नाही, पण 2011 आणि 2020 ला टिकली, आणि 2020 च्या वसंतात तिथल्या काही थरांत ओझोन जवळपास संपला. उलट दिशेनेही परिणाम आहेच, ओझोन घटल्याने अंटार्क्टिकाभोवतीचे उन्हाळ्यातले पश्चिमी वारे ध्रुवाकडे सरकले. त्यात 2022 च्या टोंगाजवळच्या ज्वालामुखीने सुमारे 15 कोटी टन वाफ वर फेकली, आणि वाफ जास्त असली की बर्फाचे ढग थोड्या कमी थंडीतही बनतात.