डॉक्टर फीलगुड (रॉक बँड)

डॉक्टर फीलगुड : इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील कॅन्व्ही बेटावर १९७१ मध्ये स्थापन झालेला पब रॉक बँड. गायक व हार्मोनिकावादक ली ब्रिलो, गिटारवादक विल्को जॉन्सन, बेसवादक जॉन बी. स्पार्क्स आणि ‘द बिग फिगर’ या नावाने ओळखला जाणारा ड्रमवादक जॉन मार्टिन हे मूळचे चौघे.

पब रॉक म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत, शे-दोनशे माणसांच्या घोळक्यात वाजणारा रॉक. सत्तरीच्या सुरुवातीला ब्रिटिश रॉक मोठ्या सभागृहांत गेला होता; गाणी लांबली होती, तंत्र वाढले होते. १९७१ मध्ये ‘एग्ज ओव्हर ईझी’ हा अमेरिकन बँड लंडनच्या केंटिश टाउनमधील ‘टॅली हो’ पबात नियमित वाजवू लागला आणि तेथून ही लाट पसरली. त्यातले बरेच बँड कंट्री संगीताकडे झुकलेले होते. डॉक्टर फीलगुडने मात्र जुना रिदम अँड ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ या गायनप्रकारातून निघालेले ठेकेबाज संगीत) धरला आणि तो भरधाव वाजवला.

या संगीतामागे कॅन्व्ही बेट आहे. टेम्स नदीच्या मुखाशी असलेली ही सपाट जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. बांध आहेत म्हणून ती टिकली. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला आणि बेटावरची सुमारे साठ माणसे दगावली. याच बेटावर जन्मलेला जॉन्सन तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे भोवती तेलाच्या टाक्या आणि पेटत्या धुराड्यांचे शुद्धीकरण कारखाने उभे राहिले. मिसिसिपीच्या त्रिभुज प्रदेशातले ब्लूज ऐकून वाढलेल्या या पोरांनी आपल्या चिखलाच्या खाडीलाच ‘टेम्स डेल्टा’ मानले, आणि जॉन्सनच्या गाण्यांत तेलाचे ते शहर जसेच्या तसे उतरले. अमेरिकेची नक्कल करणारे बँड इंग्लंडमध्ये पुष्कळ होते. स्वतःच्या गावाचे ब्लूज लिहिणारे फार थोडे.

जॉन्सनने न्यूकॅसल विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला, प्राचीन आइसलँडिक गाथांमध्ये तो रमला आणि पदवीनंतर खुष्कीच्या मार्गाने भारतात येऊन गेला. परतल्यावर काही काळ शिक्षकी केली. ‘जॉनी किड अँड द पायरेट्स’चा गिटारवादक मिक ग्रीन हा त्याचा आदर्श. एकाच गिटारवर ताल आणि सुरावट दोन्ही कसे सांभाळायचे, हे तो ग्रीनच्या ध्वनिमुद्रिका ऐकून शिकला. टेलिकास्टर जातीची काळी इलेक्ट्रिक गिटार तो नखी न वापरता, नुसत्या बोटांनी वाजवी. तारांवर हात आपटताना डावा हात सूर दाबून लगेच सोडतो, त्यामुळे प्रत्येक आघात तुटक, कोरडा ऐकू येतो. दुसरा गिटारवादक या बँडला कधी लागलाच नाही. रंगमंचावर जॉन्सन डोळे वटारून मागेपुढे धावे, गिटार बंदुकीसारखी रोखून धरी; शेजारी मळका पांढरा सूट घातलेला, घामाने निथळणारा ब्रिलो खर्जातल्या खरखरीत आवाजात गाई.

‘डाउन बाय द जेटी’ हा पहिला अल्बम जानेवारी १९७५ मध्ये आला. स्टिरिओच्या काळात तो मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, ध्वनीत काढला होता. त्याच वर्षी ‘मॅलप्रॅक्टिस’ निघाला. शेफील्ड आणि साउथएंड येथील मैफलींमधून केलेला ‘स्टुपिडिटी’ १९७६ मध्ये ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. गुत्त्यातला हा आवाज जसाच्या तसा यादीच्या शेंड्यावर पोचला, ही पब रॉकची सर्वांत मोठी कमाई मानावी लागेल. त्याच वर्षी ब्रिलोने दिलेल्या ४०० पौंडांच्या उसन्या रकमेवर ‘स्टिफ रेकॉर्ड्स’ ही कंपनी सुरू झाली. पुढे पंक या साध्या, आक्रमक रॉकच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांत ती होती. ‘द क्लॅश’ या पंक बँडचा जो स्ट्रमर आणि ‘द जॅम’ या बँडचा पॉल वेलर या दोघांवर जॉन्सनची छाप स्पष्ट दिसते.

१९७७ मध्ये ‘स्नीकिन सस्पिशन’ या अल्बमच्या वेळी झालेल्या भांडणातून जॉन्सन बाहेर पडला. त्याच्या जागी जॉन ‘जिपी’ मेयो आला आणि त्याच्यासह १९७९ मध्ये ‘मिल्क अँड अल्कोहोल’ हे गाणे ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेले. १९८२ मध्ये स्पार्क्स आणि मार्टिन निघून गेल्यावर मूळ चौघांतला ब्रिलो एकटा उरला. तो कर्करोगाने खंगत असतानाही जानेवारी १९९४ मध्ये कॅन्व्हीवर गायला, आणि ७ एप्रिल रोजी वयाच्या ४१ व्या वर्षी वारला. त्याच्या इच्छेनुसार पुढे नव्या वादकांसह बँड चालू राहिला.

जॉन्सनला २०१३ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. केमोथेरपी नाकारून तो वाजवत राहिला, ‘द हू’ या बँडचा गायक रॉजर डॉल्ट्रीबरोबर अल्बम केला. २०१४ मध्ये केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात तीन किलोंची गाठ काढण्यात आली आणि त्याला आणखी आठ वर्षे मिळाली. २१ नोव्हेंबर २०२२ रोजी तो वारला.