गाय विण्याआधी कॅल्शियमची बाटली नेऊ नका

"गाय पंधरा दिवसांत व्यायची आहे, कॅल्शियम द्या," असं म्हणत गिऱ्हाईक आलं की आम्ही बाटली काढत नाही. ती आम्हीच विकतो, तरी त्या दिवसांत ती घातक ठरू शकते. कारण हाडात आहे.

जनावराचा कॅल्शियमचा साठा हाडात असतो. तो मोकळा करतात ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी. अशी पेशी हाडाला घट्ट चिकटते, कडा बंद करून आत आम्ल सोडते. हाड विरघळून खळगा पडतो आणि त्यात रक्ताच्या कितीतरी पट कॅल्शियम साचतं. ते पेशीला जाणवतं. तिच्या आतलंही कॅल्शियम वाढतं, हाडावरची पकड सुटते, पेशी आक्रसते आणि काम थांबवते.

रक्तात कॅल्शियम घटलं, तर ते मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना कळतं. त्यांचा सांगावा आधी हाड बांधणाऱ्या पेशींकडे जातो आणि त्या हाड विरघळवणाऱ्यांना कामाला लावतात. या सगळ्याला एक-दोन दिवस लागतात.

गाय तेवढं थांबू शकत नाही. तिच्या रक्तात सगळं मिळून साधारण ३ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि १० लिटर चिकातून २० ग्रॅमच्या वर निघून जातं. गाभणपणी बाटलीवर बाटली पाजली असेल, तर रक्तात कॅल्शियम घटतच नाही, म्हणून ग्रंथी सुस्त असतात आणि हाडातला साठा वेळेवर सुटत नाही. मग व्यायल्यावर गाय बसते ती उठत नाही. मान कुशीकडे वळलेली, कान गार. नाव दुग्धज्वर, पण अंगाला हात लावा, थंड लागतं. संकरित गायींत, त्यातही तिसऱ्या वेताच्या पुढे, हे जास्त दिसतं.

म्हणून शेवटचे तीन आठवडे ज्वारीच्या कडब्यावर भर द्या. तुरीचं-सोयाबीनचं कुटार आणि लसूणघास कमी करा, त्यांत कॅल्शियम जास्त असतं. मॅग्नेशियम मात्र कमी पडू देऊ नका, त्याच्याशिवाय तो सांगावा नीट पोचत नाही. खनिज मिश्रण कोणतं, किती, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. बाटली न्यायची ती व्यायल्यावर, गाय उभी असताना.

गाय बसलीच, तर तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जातं. शिरेतून कॅल्शियम डॉक्टरांनीच, हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत द्यायचं असतं. रात्र असली तरी जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या १९६२ या नंबरवर फोन लावून बघा. व्यायल्यावर पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका.