पैसा हवेतून जात नाही

‘केनियाचा निम्मा जीडीपी मोबाइलमधून वाहतो’ हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं वाचतोय. तिथल्या ‘एम-पेसा’ या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचं कौतुक करताना ते हमखास येतं, आणि ते चुकीचं आहे. जीडीपी म्हणजे देशात वर्षभरात नव्याने तयार झालेल्या वस्तू आणि सेवांचं मोल. एम-पेसाचा आकडा असतो उलाढालीचा. मुलाने आईला हजार शिलिंग पाठवले, आईने ते दुकानदाराला दिले, दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याला, की उलाढाल झाली तीन हजारांची. एसटीने वर्षभरात नेलेले प्रवासी मोजून त्यालाच राज्याची लोकसंख्या म्हणावं, तसा हा प्रकार.

या वाक्याचा मला राग येतो तो आणखी एका कारणाने. ‘मोबाइलमधून वाहतो’ म्हटलं की पैसा हवेतून जातो असं वाटतं. तो तसा जात नाही, आणि एम-पेसाची सगळी करामत त्या न जाण्यातच आहे.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. दर महिन्याला रत्नागिरीकडच्या आमच्या गावी मनीऑर्डर करायचे. आजी सांगायची, कधीकधी पोस्टमन येऊन म्हणायचा, “मनीऑर्डर आलीय, पण पोस्टात पैसे नाहीत. सोमवारी बघू.” लहानपणी मला हे कोडंच वाटे. आजोबांनी तर पैसे भरलेत, मग गेले कुठे? ते मुंबईच्या पोस्टातच होते. गावाला पोहोचला होता तो फक्त एक निरोप: ‘यांना इतके द्या.’ नोटा गावच्या पोस्टाने स्वतःच्या तिजोरीतून द्यायच्या होत्या. व्यापाऱ्यांच्या हुंडीचं, म्हणजे एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी चिठ्ठीवर घेण्याचं, तत्त्वही हेच.

एम-पेसा मार्च २००७मध्ये केनियातल्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीने सुरू केली. ‘पेसा’ म्हणजे स्वाहिलीत पैसा, आणि तो शब्द आपल्याकडच्या ‘पैसा’वरूनच गेला असं सहसा मानलं जातं. पूर्व आफ्रिकेत १९२०पर्यंत रुपयाचं चलन होतं, हे लक्षात घेतलं तर त्यात नवल नाही. २००५मध्ये चाचणी घेतली तेव्हा हेतू वेगळा होता: छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून भरता यावेत. पण लोक ती सोय एकमेकांना पैसे पाठवायला वापरू लागले. त्याआधी शहरात कमावणारा माणूस गावी जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट देई. लोकांची ही गरज ओळखून कंपनीने हप्त्यांची कल्पना बाजूला ठेवली आणि नुसती ‘घरी पैसे पाठवा’ ही सेवा काढली. साध्या बटणांच्या फोनवरही ती चाले, कारण तिचा मेन्यू सिमकार्डातच होता.

आता माझ्या आवडीचा भाग. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार हा एम-पेसाचा एजंट. समजा, त्याने या धंद्यात ५०,००० शिलिंग घातले आहेत: २५,००० नोटा गल्ल्यात आणि २५,००० फोनमधली शिल्लक. गिऱ्हाइकाने १,००० भरले की एजंट नोटा घेतो आणि तेवढी शिल्लक आपल्या फोनवरून त्याच्या फोनवर पाठवतो: नोटा होतात २६,००० आणि शिल्लक २४,०००. कुणी १,००० काढले की उलटं. दिवसभर काहीही झालं तरी दोन्हींची बेरीज ५०,०००च राहते. ऊर्जेचं रूप बदलतं, एकूण ऊर्जा बदलत नाही, हे शाळेत शिकलो ते इथे गल्ल्यात दिसतं.

पण बेरीज कायम राहिली म्हणून धंदा चालू राहीलच असं नाही. शिल्लक शून्यावर आली तर एजंटला नवे पैसे भरून घेता येत नाहीत. नोटा संपल्या तर कुणाला पैसे देता येत नाहीत. भरणारे आणि काढणारे सारखेच असतील, तर तराजू कुठे झुकेल हे नाणेफेकीसारखं असतं. संख्याशास्त्रात याला दारुड्याची चाल म्हणता येईल: एक पाऊल इकडे, एक तिकडे. अशा चालीत १०० पावलांनंतर माणूस मूळ जागेपासून साधारण १० पावलांवर सापडतो, ४०० पावलांनंतर साधारण २०वर. म्हणजे अंतर पावलांच्या वर्गमुळाने वाढतं. प्रत्येक गिऱ्हाईक हजाराचं धरलं, तर ४०० गिऱ्हाइकांनंतरही एजंटचा तोल जातो तो वीसेक हजारांनीच. त्याचे २५,००० निम्म्याहून जास्त वेळा तेवढ्याला पुरतात.

पण राजधानी नैरोबीत भरणारेच जास्त असतात. शंभरात ७० भरणारे आणि ३० काढणारे असतील तर १०० गिऱ्हाइकांत ४०,००० एका बाजूला सरकतात आणि ४००मध्ये १,६०,०००. इथे वर्गमुळाचा आधार सुटतो आणि तोल सरळ गिऱ्हाइकांच्या संख्येच्या पटीत जातो. शहरात एजंटचा गल्ला नोटांनी फुगतो आणि फोनमधली शिल्लक आटते. खेड्यात बरोबर उलटं. म्हणून शहरातला एजंट नोटा बँकेत भरून शिल्लक घेतो आणि खेड्यातला शिल्लक देऊन नोटा आणतो. ग्राहकांच्या फोनमध्ये दिसणाऱ्या प्रत्येक शिलिंगामागे बँकेतल्या विश्वस्त खात्यात एक शिलिंग असावाच लागतो, त्यामुळे कंपनीला हवेतून पैसा निर्माण करता येत नाही. माणसाचा निरोप काही सेकंदांत पोहोचतो, पण नोटांना शहरातून खेड्यात जावंच लागतं. एम-पेसा टिकली ती दर काही दिवसांनी ही ने-आण करणाऱ्या हजारो दुकानदारांमुळे.

त्याने काय साधलं? तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं केनियातल्या घरांची पाहणी केली. आजारपण किंवा नोकरी जाण्यासारखं संकट आलं की एम-पेसा न वापरणाऱ्या घरांचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी खाली येई. वापरणाऱ्यांचा तेवढा येत नसे, कारण नात्यातलं कुणीतरी चटकन पैसे पाठवी. २०१६मध्ये त्यांनी १,९४,००० कुटुंबं गरिबीबाहेर आल्याचा अंदाज मांडला. त्यावर इतर अभ्यासकांनी जोरदार आक्षेप घेतले आहेत. मला पहिला निष्कर्ष जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यामागची कार्यपद्धती डोळ्यांसमोर दिसते.

याच फोनवर २०१२च्या अखेरीस एम-श्वारी नावाने कर्जंही मिळू लागली. तेव्हा ३० दिवसांच्या कर्जावर शुल्क होतं ७.५ टक्के. वर्षाच्या हिशेबाने ते सरळसरळ ९० टक्के होतं. ‘गरिबांच्या दारी बँक’ असं म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

व्होडाफोनने एम-पेसा २०१३मध्ये भारतातही आणली, पण ती इथे रुजली नाही. पुढे आपल्याकडे यूपीआय आलं, आणि त्यात रक्कम थेट एका बँक खात्यातून दुसऱ्यात जाते. पण गावात नोटा लागतातच. तिथे बँक मित्र, म्हणजे बँकेच्या वतीने पैसे देणारा-घेणारा गावातला माणूस, असतो. बाई अंगठा लावते, तिच्या खात्यातून रक्कम वजा होऊन त्याच्या खात्यात जमा होते आणि तो गल्ल्यातून नोटा देतो. हा तोच एजंट आणि तीच कायम राहणारी बेरीज.

आता लाडकी बहीण योजनेचा हप्ता पडतो तो दिवस पाहा. दोनशे बायका, प्रत्येकी १,५००: तीन लाख काढायचे आणि भरणारं जवळपास कुणी नाही. दुपारपर्यंत बँक मित्राचा गल्ला रिकामा आणि खातं भरलेलं. मग तो तालुक्याच्या शाखेतून नोटा आणायला मोटारसायकलवर निघतो, आणि बायका ओट्यावर बसून राहतात. एकाच तालुक्यातल्या सगळ्या गावांत एकाच दिवशी हप्ता न टाकता तो चार दिवसांत विभागला, तर शाखेवरचा त्या दिवसाचा भार चौथाईवर येईल. त्यासाठी नवं अ‍ॅप काढावं लागत नाही, फक्त तारखांचा तक्ता बदलावा लागतो.